ड्राफ्टमध्ये निवड झाली, म्हणजे एनएचएलमधील जागा पक्की का?

प्रश्न : आइस हॉकीपटूची एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, निवड झाली, की त्याचे व्यावसायिक स्थान निश्चित झाले असे मानावे का? आणि ज्याची निवडच होत नाही, त्याने काय करावे?

उत्तर १ : असे मुळीच मानू नये. ड्राफ्टच्या 7 फेऱ्यांत 32 संघ खेळाडू निवडतात, परंतु त्यातून संघाला केवळ त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मिळतो. वरच्या क्रमांकाचे मोजके खेळाडू सोडले, तर बहुतेक जण ज्युनियर लीग, महाविद्यालयीन संघ किंवा युरोपातील क्लबकडे परततात आणि पुढे अनेकांना एएचएल या एनएचएलखालोखालच्या लीगमध्ये घडावे लागते. तिथे कधी सलग तीन दिवस सामने असतात. रात्री बसने प्रवास करून, पुरते न वाळलेले पॅड सकाळी पुन्हा अंगावर चढवावे लागतात.

उत्तर २ : बचावपटूंना तर अधिकच वेळ द्यावा. वेगाने उलटे स्केटिंग करताना प्रतिस्पर्ध्याच्या पकवर (खेळातील रबरी चकतीवर) नव्हे, तर छातीवर नजर ठेवून अंतर राखणे वर्षानुवर्षांच्या सरावानेच अंगवळणी पडते. निकलस लिडस्ट्रॉम 1989 मध्ये पार 53 व्या क्रमांकावर निवडले गेले, 1991 मध्ये एनएचएलमध्ये उतरले आणि पुढे त्यांनी 7 वेळा सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवली.

उत्तर ३ : प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. अंगकाठीने लहान असलेल्या मार्टिन सेंट लुई यांना ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. व्हरमाँट विद्यापीठाकडून खेळून आणि दुय्यम लीगमधून वर येऊन त्यांनी 2004 मध्ये सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी व टॅम्पा बे संघासोबत एनएचएलचे विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप, जिंकला.