दिवे घाट उतरताना हायब्रिड ओरडते, हे नॉर्मल आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चार महिन्यांपूर्वी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर, दोन्हींवर चालणारी) गाडी घेतली, तीन सिलिंडरचं 1.5 लिटर पेट्रोल इंजिन आणि ई-सीव्हीटी, म्हणजे हाताने गिअर बदलायची भानगड नाही. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच "डिझेलच घ्यायची होती" वर जातो. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी, ट्रॅफिकमध्ये बराच वेळ बॅटरीवरच सरकते, आवाज नाही काही नाही, तिथे एकदम खूष आहे.

भानगड घाटात आहे. परवा आईबाबांना घेऊन जेजुरीला गेलो तर दिवे घाट चढताना इंजिन जोरात किंचाळतंय आणि गाडी आपली चाळीसवरच, जुन्या गाडीचा क्लच घसरायचा ना अगदी तस्सं. ते एकवेळ ठीक, पण येताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, बॅटरी फुल दाखवतेय आणि अर्ध्या घाटात इंजिन परत घूंऽऽ करून वर चढलं. आई मागून म्हणते, अरे उतारावर कशाला पळवतोस. मी काहीच करत नव्हतो हो!

सर्व्हिस सेंटरचं उत्तर "नॉर्मल आहे सर". त्यांच्याकडे सगळंच नॉर्मल असतं.

शिवाय सिग्नलवरून निघताना इंजिन लागलं की सीटला थरथर आणि कानात घुमघुम होते. आणि दुपारी मागच्या सीटजवळ पंखा फिरल्यासारखा आवाज येतो, तो कसला?

गॅरेजवाला_नाही
उताराचं खरंच नॉर्मल आहे. उतारावर मोटरच गाडीचा वेग रोखते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत भरते. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत 30-40 युनिट वीज मावते, हायब्रिडच्या बॅटरीत जेमतेम एकाच्या आसपास, त्यामुळे घाटात ती पटकन भरते. मग ब्रेकिंगची वीज ठेवणार कुठे, म्हणून मोटर इंजिनला नुसतं फिरवते, पेट्रोल न टाकता. स्क्रीनवर त्या क्षणी ॲव्हरेज कितीचं दाखवतंय बघा, काटा पार टोकाला असेल तर खर्च शून्य.

चढाला उलटं. इंजिनचा वेग चाकांना बांधलेला नसतो, ताकद लागेल तितक्या आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ते जाऊन बसतं, म्हणून कानाला विचित्र वाटतं. पाय हळू दाबा, फरक पडतो.

पंखा बॅटरी थंड करायचा. त्याची जाळी बहुतेक मागच्या सीटच्या बाजूला असते, तिच्यावर पिशव्या, उशा ठेवू नका आणि फिल्टर साफ करून घ्या, आपल्या धुळीत तो लवकर भरतो.

घुमघुमीचं मात्र तपासा. तीन सिलिंडरमध्ये इंजिनच्या दोन फेऱ्यांत तीनदा स्फोट, म्हणजे 1200 आरपीएमला सेकंदाला 30, तो जाड आवाज केबिनमध्ये घुमतोच. पण सीट हलत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) बघायला सांगा.

धागाकर्ता
लय भारी, धन्यवाद! जाळीवर आईची उशीच असते कायम 😀 माउंटिंग वॉरंटीत येतं का? आणि सर्व्हिस सेंटरला नेमकं काय सांगू, म्हणजे परत "नॉर्मल आहे" ऐकावं लागणार नाही?

गॅरेजवाला_नाही
वॉरंटीचं पुस्तकात बघा. आणि सांगत बसू नका, त्यांच्या माणसाला शेजारी बसवून थंड गाडी सिग्नलला नेऊन दाखवा.