टेकडीवरचं गिरिपुष्प काढायचं की ठेवायचं?

टेकडीकर_पुणे: नमस्कार मंडळी, मी वेताळ टेकडीवर रोज फिरायला जातो. फेब्रुवारीत गिरिपुष्प फुललं की सगळं गुलाबी होतं, बघत राहावंसं वाटतं. पण आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात हे झाड टेकडीच्या मुळावर उठलंय. सावली देतंय, माती धरतंय, मग त्रास नक्की कोणाला?

माळरान: काका बरोबर बोलतायत. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. टेकड्या पटकन हिरव्या करायच्या म्हणून लावलं, मुरमात तगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, नुसती फांदी खोचली तरी जगते. पण टेकडी उघडी होती म्हणजे ओसाड नव्हती हो! कुसळी, पवन्या असली गवतं होती, मधेमधे गणेर, सालई, मोई ही इथली झाडं. उन्हातलं गवत दाट सावलीत टिकत नाही, ते गेलं की नाकतोडे कमी होतात आणि जमिनीवर घरटं करणारे चंडोल, टिटव्या, तितर यांना जागाच उरत नाही. एकदा त्या झाडांखाली वाकून बघा, खाली पाचोळा आणि त्यातून वर आलेली गिरिपुष्पाचीच रोपं. शेंगा उन्हात तडकतात आणि बी लांब उडतं.

सड्यावरचा: आमच्या कोकणात हेच झाड बांधावर लावतात, पाला भाताच्या चिखलणीत गाडला की खताचं काम होतं. उंदीरमारी म्हणतात त्याला. सरसकट नावं ठेवू नका राव.

माळरान: @सड्यावरचा दादा, बांधावर असू द्या की, या झाडाने जमिनीत नत्र वाढतं, ते तिथे हवंच आहे, पाला छाटला जातो त्यामुळे झाडही आटोक्यात राहतं. टेकडीवर कोण छाटतंय? माळाच्या गवतांना हलकी जमीनच मानवते, तिथे नत्र वाढलं की दुसरंच तण माजतं.

@टेकडीकर, पण उद्या कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, वन खात्याची परवानगी लागते आणि नुसतं तोडलं तर बुंध्याला फुटवे येतात, सगळं एकदम साफ केलं तर घाणेरीची झुडपं घुसतात. पावसाळ्यात माती ओली असताना उघड्या गवताच्या कडेची लहान रोपं मुळासकट उपटायची, मोठ्या झाडांच्या फांद्या विरळ करून खाली इथली झाडं लावायची. गवताच्या मोकळ्या जागेत मात्र काहीही लावायचं नाही, अगदी वड-पिंपळसुद्धा नाही.

टेकडीकर_पुणे: परवानगीचं बघतो, ग्रुपमधले चार-पाच जण नक्की येतील. गणेर ओळखायचं कसं?

माळरान: गिरिपुष्प फुलतं ना, साधारण तेव्हाच बघा. पानं सगळी गळालेली आणि फांद्यांच्या टोकाला मोठी पिवळीधमक फुलं.