पर्थीस: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

सांगलीची आई: मुलगा साडेआठ वर्षांचा. दिवाळीपासून उजवा गुडघा दुखतो म्हणून लंगडायचा. गुडघ्याच्या एक्स-रेत काहीच नव्हतं. शेवटी खुब्याचा काढला, तर पर्थीस निघाला, म्हणजे लहान मुलांचा खुब्याच्या हाडाचा आजार. एक डॉक्टर म्हणतात लवकर ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात थांबा, आपोआप भरून येतं. नेटवर एव्हीएनचं, म्हणजे रक्त न मिळून हाड मरण्याचं, वाचून झोप उडालीय. सांधा बदलावा लागेल का हो?

कुडाळचा बाबा: ताई, मोठ्या माणसांच्या एव्हीएनचं वाचू नका. पोरांचं हाड परत भरतं. बॉलचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं, त्याचे तुकडे पडतात, मग नवं हाड येतं. दोन ते चार वर्षं सहज जातात. प्रश्न एवढाच, की भरताना बॉल गोल राहतो की चपटा होतो. या काळात तो मऊ असतो. खुब्याच्या वाटीत नीट बसलेला राहिला तर साच्यातल्या मोदकासारखा तिचाच आकार घेतो. ऑपरेशन त्यासाठी असतं, हाड जिवंत करायला नाही.

सहा वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांचं थांबून चांगलं होतं. आठच्या पुढे बॉलला आकार सुधारायला वाढीची वर्षं कमी उरतात. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांचं यावर मोठं काम आहे. त्यांचा भर ऑपरेशन वेळेत, म्हणजे बॉल चपटा होण्याआधी करण्यावर. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: आजार कुठल्या टप्प्यात आहे? बॉलच्या बाहेरच्या कडेची उंची किती उरलीय? बॉल वाटीबाहेर सरकतोय का?

आमच्या मुलाचं नवव्या वर्षी झालं. मांडीचं हाड कापून आत वळवलं, प्लेट बसवली. आता दहावीत आहे, सायकलने क्लासला जातो. तो पाय बोटभर आखूड आहे, दमला की कलतो. पण दुखत नाही.

फिजिओ, पुणे: उताणं झोपवून दोन्ही पाय हळूच फाकवून बघत जा. दुखरा पाय आधीपेक्षा कमी फाकायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. हाडवैद्याकडून ओढून घेणं नको. उड्या, पळणं बंद. पोहणं बहुधा चालतं, डॉक्टरांना विचारून.

सांगलीची आई: उद्याच फिल्म घेऊन जाते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, त्याचं काय करू?

कुडाळचा बाबा: डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. आमच्याकडे अख्खा वर्गच खाली आणला. पीटीच्या तासाला त्याला स्कोअर लिहायला बसवा म्हणून सरांना सांगा. एकटा वर्गात ठेवू देऊ नका.