ध्वजदिन निधी देताना हात आखडता का होतो?

कृष्णाकाठ :
१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असलेले छोटे ध्वज देऊन माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठी निधी गोळा केला जातो. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध चालू असताना लोकांनी न मागता मदत पाठवली होती. त्याच समाजाला शांततेच्या काळात या निधीची आठवण करून द्यावी लागते, याचे कारण मला लोकांच्या देशप्रेमात शोधावेसे वाटत नाही. माझ्या मते दोष संकलनाच्या पद्धतीत आहे. आपल्या राज्यात प्रत्येक जिल्ह्याला इष्टांक ठरवून दिला जातो, जिल्हाधिकारी कार्यालय तो निरनिराळ्या खात्यांकडे वाटून देते आणि मग तो कचेऱ्यांतून व शाळांतून पूर्ण होतो. म्हणजे नागरिकाला नागरिक म्हणून कोणी विचारतच नाही. कार्यक्रमात इष्टांक ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यांचा सत्कार होतो, तो जरूर व्हावा. परंतु त्या पैशातून आपल्याच तालुक्यातल्या कोणाचे काय झाले, हे देणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या दानाचा परिणाम कधी दिसत नाही, ते लोक कर समजूनच देतात.

अंजनवेल :
आपले निदान मला अपुरे वाटते. लोक देत नसतील, तर त्यामागे एक रास्त विचार आहे. सैनिकाची जबाबदारी शासनाची आहे आणि शासन ती आपल्याच करातून उचलते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी १ लाख ६० हजार कोटींहून अधिक तरतूद आहे. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, २०१५ मध्ये समान हुद्दा समान निवृत्तिवेतनाचा निर्णय झाला. एवढे असताना शाळकरी मुलाच्या हाती ध्वज देऊन नाणी गोळा करणे, हे सैनिकाला याचकाच्या जागी उभे करणे आहे. ज्याने देशासाठी उमेदीची वर्षे दिली, त्याचे म्हातारपण कोणाच्या दानतीवर अवलंबून का असावे?

माळरान :
अंजनवेल यांनी दिलेला आकडा खरा आहे, पण तो निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांचा आहे. जवानाला निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी काही कारणाने सैन्य सोडलेले, अल्पकाळ सेवा केलेले आणि त्यांच्यामागे राहिलेल्या विधवा यांच्या हाती महिन्याला काहीही येत नाही. ६५ वर्षांवरील अशा निराधार माजी सैनिकांना व विधवांना जे अनुदान मिळते, ते याच ध्वजदिन निधीतून मिळते. ते महिना ४,००० रुपये होते आणि नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ८,००० झाले आहे. मुलांच्या शिक्षणाचे आणि मुलीच्या लग्नाचे साहाय्यही त्यातूनच येते. पुण्याजवळ खडकीला मणक्याच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, त्यालाही या निधीचा आधार आहे. तत्त्व म्हणून शासनाने सगळे करावे हे मला मान्य आहे. मात्र ते होईपर्यंत औषधपाणी कोणाच्या भरवशावर चालवायचे, याचे उत्तर हात आखडता घेणाऱ्याने द्यायला हवे.

शाळेतली बाई :
मी शिक्षिका आहे. वर्गात ध्वज वाटताना तो कशासाठी आहे हे सांगायला पाच मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. पाकिटातले ध्वज संपवून हिशेब द्यायचा असतो. गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला त्या दिवशी वर्गात बोलावले, तर मुले घरी जाऊन जे सांगतील ते कोणत्याही परिपत्रकाने साधणार नाही. सक्ती काढली तर संकलन एक-दोन वर्षे घटेल, हे मला दिसते. तरीही ती काढावी.

अंजनवेल :
माळरान यांचा मुद्दा मनापासून मान्य, पण त्यातूनच माझे म्हणणे अधिक ठाम होते. निवृत्तिवेतन नसलेले वृद्ध सैनिक कोण आहेत हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना ठाऊक आहे. मग त्यांचे अनुदान थेट अर्थसंकल्पात का नसावे? लोकांनी भागवत राहावे आणि शासनाने त्यावर विसंबावे, असे झाले की ती उणीव कायमची होते. आता अग्निवीरांचा विचार करा. २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनी त्यांच्यापैकी जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, पण निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांच्यावर वेळ आली तर त्यांच्यासाठीही डबा फिरवायचा का?

कृष्णाकाठ :
त्यांना माजी सैनिकाचा दर्जाच नसेल, तर आजच्या नियमांनी हा निधीही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, आणि मला ही गोष्ट आपल्या वादाहून गंभीर वाटते. म्हणून दोन्ही मागण्या एकत्र लावून धराव्यात: निराधारांचे अनुदान अर्थसंकल्पातून द्यावे, आणि प्रत्येक जिल्ह्याने किती गोळा झाले याबरोबर किती जणांना, कोणत्या कारणासाठी किती मदत मिळाली, हे नावे न देता दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. माझ्या गावच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. अंजनवेल, पहिल्या मागणीचा मसुदा आपण लिहून दिलात तर तोही सोबत जोडेन.