ॲपवर लाट छोटी, पाण्यात मात्र आडदांड, वर बोलणीही खाल्ली. माझं काय चुकलं?

ओली_टाच
आठ महिने झाले सर्फिंग सुरू करून, ८ फुटी फोमचा बोर्ड आहे, हिरव्या (अजून न फुटलेल्या) लाटेवर उभी राहते, उजवीकडे वळते, डावीकडे अजून लटपटते. तर झालं असं की मागच्या आठवड्यात लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर १.५ मीटर दाखवत होतं आणि मी आरामात सगळ्या लाटा घेतल्या, म्हणून या आठवड्यात १.२ बघून म्हटलं चला आज तर खेळच आहे. गेले तर समुद्र अगदी गप्प, वीस मिनिटं काही नाही, मी आपली किनाऱ्याच्या बाजूला सरकून बसले आणि मग एकामागोमाग पाच लाटा अशा आल्या की दोन वेळा तळाला जाऊन आले, कुठलं वर कुठलं खाली कळेना.

नंतर जरा सावरून एक लाट घेतली, उभी पण राहिले, तर डावीकडून कोणीतरी जोरात ओरडलं. तो आधीच त्या लाटेवर होता म्हणे, मी दिसलोच नाही का वगैरे ऐकवलं. मग तासभर कोणी माझ्याशी बोललं नाही. हे लोकल लोकांचं नेहमीचं असतं का? की खरंच माझी चूक?

भांगाची_भरती
दोन्ही दिवशी पीरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद, किती होता ते सांग आधी. उंची सगळेच बघतात, त्याच्या शेजारचा आकडा कोणी बघत नाही.

ओली_टाच
आत्ता मागे जाऊन बघितलं दादा. १.५ वाल्या दिवशी ७ सेकंद, १.२ ला १४ सेकंद. याने इतका फरक पडतो?

भांगाची_भरती
इतका म्हणजे काय, सगळा खेळ तिथेच आहे. लाटेतली ताकद ढोबळमानाने उंचीचा वर्ग गुणिले पीरियड अशी धरतात. तुझे आकडे घाल, पहिल्या दिवशी १५.७५ येतात, दुसऱ्या दिवशी २०.१६, म्हणजे जी लाट तुला छोटी वाटली तिच्यात सव्वा पटीहून जास्त दम होता. आणि तेवढ्यावर थांबत नाही. ७ सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी साधारण ७६ मीटर, १४ वालीची ३०० च्या वर, पीरियड दुप्पट झाला की लांबी चौपट. लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर, म्हणजे लांब पीरियडची लाट दीडशे मीटर खोलीपासूनच तळाला घासत, वळत, जमा होत येते आणि किनाऱ्याजवळ ॲपवरच्या आकड्यापेक्षा चांगलीच उंच होऊन फुटते. छोट्या पीरियडची बिचारी जवळच्या वाऱ्याने उठवलेली असते, नुसती खळबळ.

तो वीस मिनिटांचा सन्नाटा पण त्यातलाच. लांबून आलेलं स्वेल, म्हणजे दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा, प्रवासात सुटं होत जातं, लाटा टोळीने (सेटने) येतात, मध्ये मोठा खंड. १४ सेकंदांची टोळी तासाला साधारण ४० किलोमीटरने सरकते, म्हणजे २००० किलोमीटरवरच्या वादळाची लाट दोन दिवसांनी तुझ्या पायाशी, तिथे वर आभाळ निरभ्र असलं तरी. वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांच्या लाटांचा थेट अलास्कापर्यंत माग काढला होता. मला हे वाचल्यापासून शांत समुद्र बघून निर्धास्त वाटत नाही.

अजून एक, ॲपवरची उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी चुकार लाट जवळपास दुप्पट निघू शकते.

वाकडा_फिन
वरच्या भाऊंनी गणित सांगितलं, मी दुसऱ्या प्रश्नाचं सरळ सांगतो, राग मानू नकोस. तू ड्रॉप इन केलंस, म्हणजे दुसऱ्याच्या लाटेवर घुसलीस. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्या पीकच्या जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. तू लाटेच्या खांद्यावर, म्हणजे पीकपासून लांब होतीस, तो आत होता, म्हणजे त्याची. उठायच्या आधी एकदा फुटणाऱ्या बाजूला मान वळवून बघायचं, बास, अर्धा सेकंद लागतो. आणि हे मानापमानाचं नाही गं, तो वेगात येतोय, त्याच्या वाटेत अचानक ८ फुटी बोर्ड आडवा आला तर तो जाणार कुठे?

जाताना वाट पण बघून जा. लाटा जिथे फुटत नाहीत तिथून वळसा घालून बाहेर जायचं. मध्येच सापडलीस आणि समोरून कोणी येत असेल तर फेसाकडे पॅडल मारायचं, मोकळ्या लाटेकडे नाही. तुला तडाखा बसेल, बसू दे, त्याची लाट वाचते. आणि बोर्ड सोडून बुडी मारायची सवय असेल तर आजच मोड. ८ फूट बोर्ड अधिक तेवढीच लीश (पायाला बांधलेली बोर्डची दोरी), म्हणजे तुझ्या मागे सोळा फुटांत जो असेल त्याच्या डोक्याची काशी. लीश हा काही ब्रेक नाही. सुरुवातीच्या लीश तर रबरी नळीच्या असायच्या, ताणून परत यायच्या, वेटसूटवाल्या जॅक ओ'नीलचा डावा डोळा बोर्ड लागूनच गेला.

खारट_मावशी
नियम बरोबर आहेत पण मला त्या ओरडण्याचं पटलेलं नाही. चोवीस वर्षं पाण्यात आहे मी, आणि ओरडणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः दुसऱ्याच्या मागून वळसा घालून पीकवर घुसणारे असतात, त्याला स्नेकिंग म्हणतात आणि ते ड्रॉप इनपेक्षा कमी नाही. लाटेवर "ए!" असं ओरडणं हे हॉर्न आहे, ते चालतं. नंतर दहा मिनिटं ऐकवत बसणं हा नुसता माज. जुन्या लोकांना मान द्यायचा तो त्यांना रिप (समुद्रात आत नेणारी ओढ) कुठे असते, कुठल्या भरतीला कुठला खडक वर येतो हे पाठ असतं म्हणून. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही.

ओली टाच, तू एक कर. चुकलं की हात वर करून "सॉरी, दिसला नाहीत" म्हणायचं, तिथल्या तिथे. तू गप्प राहिलीस ना? तेच डोक्यात गेलं असणार. आणि पुढची एखादी चांगली लाट सोडून दे त्याला, शब्दांपेक्षा ते लवकर पोचतं.

भांगाची_भरती
मावशींना अनुमोदन. आणि पाण्यात उतरायच्या आधी वीस मिनिटं वाळूत बसत जा, निदान दोन सेट बघून होईपर्यंत. पहाटे मतलई वारा असताना बस, जमिनीकडून वारा आला की लाटेचा चेहरा (पुढची बाजू) उभा आणि गुळगुळीत राहतो, ऊन चढलं की खारा वारा सुटून सगळं विस्कटतं. आणि भरती बघ, एकच जागा ओहोटीला सरळ आदळते आणि अर्ध्या भरतीला मस्त एका बाजूने फुटत लांब सोलत जाते.

ओली_टाच
आज जाऊन आले. १ मीटर, १३ सेकंद. वाळूत बसून मोजत होते, सेटमध्ये चार-पाच लाटा आणि मध्ये पंधरा मिनिटं, आणि लोक कुठून बाहेर जातायत ते पण दिसलं, मी आजवर बरोब्बर उलट्या बाजूने जात होते :) तो माणूस होताच. सॉरी म्हटलं तर "कधीचं?" म्हणाला, विसरला होता! मग तासाभराने एका लाटेला मला म्हणाला जा, जा, जा. गेले आणि तोंडावर पडले.

मावशी, ते डावीकडे लटपटण्याचं काय करू? नवीन धागा काढू का इथेच विचारू?

खारट_मावशी
इथेच विचार. आधी सांग, डावीकडे जाताना बघतेस कुठे, बोर्डच्या नाकाकडे ना?