डब्ल्यूससच्या कन्सोलमध्ये ४० पैकी एकच पीसी दिसतोय

लॅबवाला:
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या लॅबमध्ये ४० पीसी आहेत, सगळे विंडोज ११, आणि नेटची लाइन एवढी बारीक की सगळे एकदम अपडेट ओढायला लागले की पोरांचं प्रॅक्टिकल तिथंच अडकतं, म्हणून विंडोज सर्व्हर २०२२ वर डब्ल्यूसस टाकलं (अपडेट एकदाच उतरवून आतल्या सगळ्या पीसींना वाटणारी मायक्रोसॉफ्टची सोय). ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकाच ठिकाणाहून सेटिंग देता येतं ती) पीसींना त्या सर्व्हरचा पत्ता दिला. पण कन्सोलमध्ये ओळ एकच येते आणि तिच्यावरचं नाव बदलत राहतं, सकाळी पीसी-०७ होतं, जेवून आलो तर पीसी-१९! दोन दिवस हेच चाललंय, सोमवारपासून परीक्षा आहेत, प्लीज कुणीतरी सांगा.

केबलकाका:
पत्त्याच्या शेवटी ८५३० पोर्ट टाकलाय का? नाही टाकला तर क्लायंट ८० वर जाऊन हात हलवत परत येतो. पॉलिसीत पत्त्याचे दोन रकाने भरावे लागतात, अपडेट शोधायचा आणि रिपोर्ट पाठवायचा, दोन्हीकडे तोच भरा. मग एका पीसीवर जीपीअपडेट फोर्स (पॉलिसी लगेच लागू करायची कमांड) मारून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग जिथं साठतात तिथं, यूज-डब्ल्यूयू-सर्व्हर १ झालंय का बघा.

लॅबवाला:
पोर्ट आहे काका, दोन्हीकडे आहे, आणि १ पण झालंय.

सर्व्हरताई:
नाव बदलतंय म्हणजे पीसी सर्व्हरपर्यंत पोचतायत, पोर्टचा प्रश्नच नाही. एका पीसीची इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) काढून बाकीच्यांवर टाकलीत ना, सिसप्रेप न करता, म्हणजे त्या पीसीची स्वतःची ओळख आधी न पुसता? मग सगळ्यांचा सस-क्लायंट-आयडी एकच झाला. डब्ल्यूसस पीसीला नावाने नाही, त्या आयडीने ओळखतं, त्यामुळे शेवटी ज्याने रिपोर्ट केला त्याचं नाव ओळीवर चढतं. प्रत्येक पीसीवर विंडोज अपडेट सर्व्हिस थांबवा, रजिस्ट्रीत करंट-व्हर्जनखालच्या विंडोजअपडेटमध्ये जा (पॉलिसीजखालच्या नाही हं, तिथं तुमचा पत्ता आहे), सस-क्लायंट-आयडी आणि सस-क्लायंट-आयडी-व्हॅलिडेशन दोन्ही उडवा, सर्व्हिस सुरू करा आणि डब्ल्यूयूएयूसीएलटी (विंडोज अपडेटची कमांड) ला रिसेट-ऑथरायझेशन आणि डिटेक्ट-नाऊ देऊन चालवा. नवीन विंडोजवर डिटेक्ट-नाऊचा भरवसा नाही, म्हणून सेटिंगमधून चेक फॉर अपडेट्स पण दाबा. आणि लगेच दिसत नाही म्हणून परत परत उडवत बसू नका, थोडा वेळ द्या.

केबलकाका:
ताईंचं बरोबर, माझ्या डोक्यात इमेजचं आलंच नाही. ४० ठिकाणी हाताने करण्यापेक्षा स्टार्टअप स्क्रिप्ट लावा, पण ती एकदाच चालेल असं बघा. दर बूटला आयडी उडाला तर दर वेळी नवीन आयडी तयार होईल. स्क्रिप्टने शेवटी सी ड्राइव्हवर एक रिकामी फाइल टाकायची, आणि ती फाइल असली की काही न करता बाहेर पडायचं.

लॅबवाला:
ताई, काका, खूप खूप आभार! इमेजच होती, आमच्या आधीच्या माणसाने काढलेली. स्क्रिप्ट लावली, आत्ता कन्सोलच्या अनअसाइन्ड कम्प्युटर्स ग्रुपमध्ये (नवीन पीसी आधी तिथंच येतात) २६ दिसतायत, उरलेले १४ बंद आहेत, उद्या सकाळी लॅब उघडली की चालू करतो.

सर्व्हरताई:
छान. आता त्यांना लॅबच्या वेगळ्या ग्रुपमध्ये हलवा, आणि परीक्षा संपेपर्यंत एकही अपडेट अप्रूव्ह करू नका.