कोकणात पक्ष्यांचे फोटो काढायला परवडणारी टेलिफोटो लेन्स कोणती? (अनुभव धागा)

नवरात्र उलटलं की खाडीत पाहुणे पक्षी उतरायला लागतात आणि मला फोन सुरू होतात, "लेन्स घ्यायची आहे, कोणती घेऊ?" या प्रश्नाला मिळणारी बरीचशी उत्तरं चाचण्यांच्या आकड्यांवरून दिलेली असतात. ओहोटीला पार मागे सरकणारं पाणी, नारळी-पोफळीच्या आगरातला भर दुपारचा अंधार, खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल यांचा त्यात पत्ता नसतो. म्हणून हा धागा. तुमचा कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, नवी की वापरलेली, आणि मुख्य म्हणजे तुम्ही कुठे उभं राहून फोटो काढता, ते लिहा. लाखालाखाच्या लेन्सबद्दल इथे बोलायला नको, ती चर्चा इतरत्र भरपूर होते.

सुरुवात मीच करतो.

रत्नागिरी

माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे. त्याबरोबर आधी ५५-२५० एसटीएम घेतली. कॅननचा क्रॉप १.६ पट, त्यामुळे २५० मिमीला दिसतं ते फुलफ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ४०० मिमीइतकं. घराजवळचे दयाळ, बुलबुल, तांबट यांच्यासाठी ही लेन्स आजही माझी आवडती आहे. हलकी आहे, फोकस चटकन करते, वापरलेली तर फारच स्वस्तात मिळते. भाट्ये खाडीवर मात्र ती अपुरी पडते. चिखलावरचा तुतवार फोटोत ठिपक्याएवढा येतो.

खाडीसाठी मी वापरलेली कॅनन ४०० एफ/५.६ एल शोधली. (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त.) १९९३ सालची रचना, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, वजन सव्वा किलो. स्टॅबिलायझेशन नाही म्हणून लोक तिला नाक मुरडतात आणि त्यामुळेच ती आवाक्यात येते. उडणाऱ्या ब्राह्मणी घारीसाठी शटर १/१६०० सेकंदापेक्षा वेगवानच ठेवावं लागतं, तिथे स्टॅबिलायझेशन नसलं तरी बिघडत नाही. सकाळच्या उन्हात घारीचं पीस न् पीस सुटं दिसतं. आगरात मात्र हीच लेन्स मुकाट घरी ठेवायची, कारण तिथे तो शटर स्पीड मिळतच नाही.

वापरलेली लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही कमी सांगितली तरी सोडून द्या. धुळीचे चार कण असले तर चालतं. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे, का ते विचारा. आणि स्वतःच्या कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब फोकस करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अलिबाग

मी निकॉनवाली. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी वापरते, आक्षीच्या किनाऱ्यावर. जवळपास दोन किलो वजन आहे, पुढचा फिल्टर ९५ मिमीचा, म्हणजे फिल्टरसुद्धा महाग. निकॉनची २००-५०० एफ/५.६ हीसुद्धा हाताळून पाहिली होती. उजेड थोडा जास्त घेते, पण २.३ किलो. वाळूत चालताना तेवढा फरकही खांद्याला कळतो, म्हणून सिग्मा. टॅमरॉनची १५०-६०० याच वर्गातली. या तिन्ही वापरलेल्या मिळतात, आणि मोठ्या पल्ल्याच्या लेन्समध्ये सर्वसामान्यांच्या खिशाला त्यातल्या त्यात याच झेपतात.

पण ६०० मिमीबद्दल एक सांगायलाच हवं. ऊन चढलं की वाळू तापते, वरची हवा थरथरायला लागते आणि दूरच्या पक्ष्याचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर अधिक दिसते. तिला लेन्स बदलून उपाय नाही, अंतर कमी करणं हाच उपाय. आणि अंतर कमी करायला पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, भरतीला ते काम करू द्यायचं. पाणी चढायला लागलं की चिखल्या, तुतवार, कुरव सगळे काठाकडे सरकत येतात. आपण आधीच जाऊन वाळूत बसायचं आणि हलायचं नाही.

वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत आहेच: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला सातपासून नऊ-पावणेदहापर्यंत चढतं पाणी आणि कोवळं ऊन एकत्र मिळतं. शुद्ध पक्ष असो की वद्य. मी महिन्यातल्या सुट्ट्या त्या हिशेबाने बघते. या दोन तासांत ३०० मिमीवाल्यालाही चांगले फोटो मिळतात, हे मी शेजारी बसलेल्यांच्या कॅमेऱ्यात पाहिलं आहे.

इथून जवळच किहीमला १९३० च्या सुमारास सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तोही एका जागी चिकाटीने बसूनच.

पनवेल

वरच्या दोघांचं मोकळ्या जागेपुरतं पटलं. मी कर्णाळ्याच्या बाजूला जंगलात फिरतो आणि तिथे मिलिमीटरपेक्षा एफ नंबर महत्त्वाचा. १५०-६०० पूर्ण लांबवली की एफ/६.३ होते. पावसाळी जंगलात त्या छिद्राला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० देऊनही शटर १/१०० च्या आसपास रखडतं. मी निकॉनची ३०० एफ/४ एएफ-एस वापरलेली घेतली. एफ/६.३ पेक्षा सव्वा स्टॉपहून जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे दुपटीहून अधिक.

निकॉनवाल्यांनो, वापरलेली घेताना नावातली अक्षरं नीट वाचा. नुसतं एएफ किंवा एएफ-डी लिहिलेल्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांतही नसते. दोन्ही एकत्र आल्या तर ऑटोफोकस होणारच नाही, हाताने फिरवत बसावं लागेल. एएफ-एस लिहिलेली घ्या.

आता तिबोटी खंड्याबद्दल. पावसाळ्यात तो इथे विणीला येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करतो. पक्षी जेमतेम तेरा सेंटीमीटरचा, म्हणून छोटी लेन्स असलेले लोक बिळाच्या तोंडाशी जाऊन बसतात. पिल्लांना भरवायला आलेला पक्षी चोचीत पाल-खेकडा धरून फांदीवर ताटकळतो आणि आत जाऊच शकत नाही. लेन्स कमी पडत असेल तर त्या फोटोचा नाद सोडावा, असं मी अगदी मनापासून सांगतो. फ्लॅश तर नकोच.

दापोली

मी शाळेत शिकवते. अदलाबदलीची लेन्स मी घेतलीच नाही. वापरलेला निकॉन पी९०० घेतला, २०१५ साली आलेला, ८३ पट झूम, म्हणजे २००० मिमीइतका पल्ला, आणि वजन नऊशे ग्रॅमच्या आत. जाणकार मंडळी या कॅमेऱ्याला मोजत नाहीत. सेन्सर अगदी लहान आहे, संध्याकाळी फोटोत दाणे येतात, उडता पक्षी पकडणं कठीण, हे सगळं खरं आहे.

तरी माझं काम वेगळं आहे. मला मुलांना पक्षी दाखवायचे असतात आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी करायच्या असतात. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड घरट्यावर असतो तेव्हा मी पलीकडच्या टेकाडावर उभी असते, झाडाखाली जायचा प्रश्नच येत नाही. त्याच्या पायातला मासा कोणता यावर वर्गात वाद होतो, आणि कोळ्यांची मुलं तो वाद जिंकतात. छापून भिंतीवर लावायचा फोटो हवा असेल तर वरच्या मंडळींचं ऐका. ओळख पटवायची असेल, नोंद ठेवायची असेल, तर लेन्सच्या किमतीत आख्खा कॅमेरा येतो, त्याचाही विचार करा.

देवबाग, मालवण

माझी होडी आसा. संगमार पर्यटकांक घेऊन जातंय, थंडयेत फोटोवाले पण येतत. लेन्सातला माका कळणा नाय, पण होडयेतला कळता. ट्रायपॉड हाडू नकात. इंजिनाची थरथर ट्रायपॉडातसून वर कॅमेऱ्यात जाता. कॅमेरो हातातच धरा, कोपर पोटाक लावा, आणि माका इंजिन बंद करूक सांगा. मी होडी सोडून देतंय, पाणी आपणच वाळूच्या पट्ट्याकडे नेता. पक्षी बसलेले आसत थंय सरळ जाव नये, तिरक्या जावचा. सरळ गेलास तर सगळो थवो उठता, मग तुमची लेन्स केवढी पण आसांदे. आणि मोठी लेन्सवाले होडयेत दमतत, ह्या मी बघितलेला आसा. एक जाड टॉवेल हाडा, खारा पाणी उडता.

सावंतवाडी

देवबागच्या दादांचं वजनाबद्दलचं म्हणणं तंतोतंत पटलं. मी कॅननच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) आरएफ १००-४०० वापरतो. ६३५ ग्रॅम! ४०० मिमीला एफ/८ होते म्हणून पुष्कळ लोक घ्यायला कचरतात. मात्र मिररलेस एफ/८ लाही व्यवस्थित फोकस करतो, आणि एवढी हलकी लेन्स असली की ती रोज खांद्याला असते. वड-उंबर पिकले की मलबारी कवड्या धनेश येतात. ते आपल्याला विचारून येत नाहीत, बाजाराला जाताना दिसतात. त्या वेळी दोन किलोची लेन्स कपाटात असते.

आरएफ ६०० एफ/११ मित्राकडे आहे. ९३० ग्रॅम, किंमत त्या पल्ल्याच्या मानाने कमी. छिद्र एफ/११ लाच कायम, लहान-मोठं होत नाही, आणि साडेचार मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही. डिसेंबरच्या उन्हात उघड्या खाडीवर सुंदर चालते, झाडीत शिरलं की संपलं. मिररलेसवाल्यांनी जुन्या ईएफ (कॅनन डीएसएलआरच्या) लेन्सही विसरू नयेत, कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. रत्नागिरीकरांची ४०० एफ/५.६ सुद्धा.

गुहागर

मध्येच विचारते, ५५-२५० ला पल्ला दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारं जोडभिंग) लावला तर?

रत्नागिरी

नको. दुपटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, एफ/५.६ ची एफ/११ होते आणि आपल्या साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस बंद पडतो. शिवाय कॅननचा कन्व्हर्टर त्या लेन्सला बसतही नाही. तेच पैसे वापरलेल्या लेन्ससाठी जमवा.

चिपळूण

लेन्स कोणतीही घ्या, पहिल्या पावसाळ्यातच तिची परीक्षा होते. हौस म्हणून मी मित्रांच्या लेन्स स्वच्छ करून देतो आणि बुरशी लागलेल्या लेन्स जवळजवळ सगळ्या त्यांच्या मूळ चामडी किंवा कापडी पाऊचमध्ये ठेवलेल्या असतात. पाऊच ओल धरून ठेवतं. लेन्स त्यातून बाहेर काढा. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. फार कोरडंही नको. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर गरम करून पुन्हा निळं करायचं, फेकायचं नाही. ऐपत असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा डबाच कामाला येतो. माझा डबा २०२१ च्या पुरापासून माळ्यावर असतो.

समुद्रावरून आल्यावर लेन्स लगेच कोरड्या कपड्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी हवेच्या फुग्याने उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापड बाहेरच्या भागावर फिरवा, काच शेवटी. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की काढा. नाहीतर काचेवर दव धरतं, कधीकधी आतूनही. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यातही लेन्स वापरत राहा, उजेड आणि हवा लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

देवगड

सगळं वाचलं. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे, बरोबर आलेली १८-५५. आमच्या कलमांत हळद्या, स्वर्गीय नर्तक, शिंजीर येतात, खाडीवर जाणं क्वचित. पैसे बेताचे आहेत. ७०-३०० घेऊ का?

पनवेल

घ्या. एएफ-पी डीएक्स ७०-३०० घ्या, एएफ-एससारखी हिच्यातही मोटर असते, डी५६०० वर पूर्ण चालते. याच लेन्सचे दोन प्रकार आहेत. नावात व्हीआर असलेलाच घ्या, दुसऱ्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि दिसायला दोन्ही सारख्याच. लेन्सवर व्हीआरचं बटण शोधू नका, ते कॅमेऱ्याच्या मेनूत आहे. कलमांत पानांच्या सावलीत शटर १/५०० च्या आसपास ठेवा, आयएसओ ऑटोवर. पाण्याचं पसरट भांडं सावलीत ठेवून आठ-दहा पावलांवर बसा, नर्तक दुपारी तीननंतर अंघोळीला येतो का पाहा.